अल्पाका व त्याचें संगोपन

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळीं 'अल्पाकाचा कोट' ही प्रतिष्ठित गृहस्थाची एक खूण असे. वकील, शाळामास्तर, कचेरींतील वरचे कारकून यांच्या अंगावर हा काळा, चकचकीत व वजनाला हलका कोट दिसावयाचा. कापडाचें नांव अनेकांच्या तोंडीं होतें. परंतु तें मूळचें एका जनावराचें नांव आहे, व तें जनावर आपल्यापासून अर्ध्या पृथ्वीच्या अंतरावर, दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताच्या माथ्यावर चरत असतें, ही गोष्ट थोड्यांनाच ठाऊक असे. यास्तव या अंकांत आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस या प्राण्याची ओळख करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्याच्या रूपाचें वर्णन तर आम्ही करूंच. पण त्याचें संगोपन कसें करावें लागतें, यावर आमचा विशेष भर आहे. कारण एखाद्या जिवाला पाळणें म्हणजे त्यास बांधून दाणापाणी घालणें एवढेंच नव्हे, तर त्याचा स्वभाव ओळखून आपण वागणें होय, हा धडा अल्पाका फार चांगला शिकवितो.

अल्पाका हा उंटाच्या कुळांतील प्राणी आहे. उंटासारखी लांब मान, मधोमध दुभंगलेला वरचा ओंठ व मोठे, पाणीदार डोळे त्यास आहेत. पण पाठीवर मदार नाहीं. खांद्यापाशीं त्याची उंची सुमारें तीन फूट असून वजन साधारणपणें ५० ते ८० किलो भरतें. दक्षिण अमेरिकेंत या कुळाचे चार प्राणी आहेत. त्यांपैकीं ग्वानाको व व्हिकुन्या हे दोन रानटी, आणि लामा व अल्पाका हे दोन माणसाळलेले होत. लामा मोठा व बळकट असून ओझें वाहण्याच्या कामीं येतो. अल्पाका लहान असून त्यास मुख्यत्वें लोंकरीसाठीं पाळतात. लांबून पाहणाराचा दोघांत घोटाळा होतो. पण लामाचे कान केळ्यासारखे लांब व आंत वळलेले, आणि अल्पाकाचे कान आंखूड व भाल्याच्या पात्यासारखे असतात, एवढी खूण लक्षांत ठेवली म्हणजे झालें. अल्पाकाचा पूर्वज कोणता, याविषयीं पंडितांत पुष्कळ काळ वाद होता; २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक तपासणीनें तो नाजूक बांध्याच्या व्हिकुन्यापासून उत्पन्न झाला असल्याचें दाखवून दिलें.

अल्पाकाच्या जाती दोन आहेत. हुआकाया जातीची लोंकर कुरळी व फुगीर असून तें जनावर कापसाच्या गांठोड्यासारखें गुबगुबीत दिसतें. सुरी जातीची लोंकर रेशमाच्या बटांप्रमाणें अंगावरून खालीं लोंबते. सुरी फार थोडे. दहांतील नऊंहून अधिक अल्पाका हुआकायाच असतात.

पेरू, बोलिव्हिया व चिली या देशांतील उंच पठारें हें अल्पाकाचें माहेरघर होय. त्यांतही बहुसंख्य अल्पाका पेरूंतच आहेत. समुद्रसपाटीपासून १२,००० ते १५,००० फुटांवरील या ओसाड प्रदेशास तेथील लोक 'पुना' म्हणतात. आपलें महाबळेश्वर सुमारें ४,५०० फूट उंच आहे. त्याच्या तिप्पट उंचीची कल्पना विद्यार्थ्यांनीं मनांत आणावी. तेथें दिवसा ऊन कडक, परंतु रात्रीं पाणी गोठतें. हवा इतकी विरळ कीं, सपाटीवरचा माणूस थोडें चढतांच धापा टाकूं लागतो. अल्पाकाच्या रक्तांतील तांबड्या पेशी मात्र लहान व लंबगोल असून त्याचें रक्त विरळ हवेंतूनही प्राणवायु चांगला ओढून घेतें. त्याच्या पायास खूर नाहीं. दोन बोटें, त्यांवर नखें व खालीं मऊ गादी असते. त्यामुळें त्याच्या चालण्यानें ओली जमीन उखडत नाहीं. वरच्या जबड्यास पुढचे दांत नसल्यामुळें तो खालचे दांत व वरची टणक हिरडी यांमध्यें धरून गवत खुडतो. पुनावर 'इचू' नांवाचें राठ गवत सर्वत्र उगवतें. पण झऱ्यांच्या व वितळत्या बर्फाच्या पाण्यानें भिजलेलीं, गालिच्यासारखीं हिरवीं कुरणें अल्पाकाला विशेष प्रिय आहेत. अशा कुरणास 'बोफेदाल' म्हणतात. कळपवाले लहान लहान पाट काढून हें पाणी दूरवर पसरवितात, आणि अशा रीतीनें पिढ्यान्‌पिढ्या कुरणें राखितात.

या लोकांचा व अल्पाकाचा संबंध सुमारें सहा ते सात हजार वर्षांचा आहे. इंका राजांच्या काळीं अल्पाका व व्हिकुन्या यांच्या लोंकरीचें तलम कापड राजे व देवालयें यांच्यासाठीं विणीत, आणि राजानें असें वस्त्र देणें हा मोठा मान समजत. पुढें १५३२ सालीं पिझारो हा स्पॅनिश सरदार पेरूवर चालून आला व तें राज्य कोसळलें. कळप राखणारीं माणसें युद्धानें व नव्या रोगांनीं मेलीं. खालच्या सुपीक कुरणांत युरोपांतून आणलेलीं मेंढरें चरूं लागलीं. आणि उरलेले अल्पाका डोंगरमाथ्यावर गरिबांच्या आश्रयानें तगून राहिले. त्यांच्याबरोबर वंश निवडून जोपासण्याचें जुनें ज्ञानही पुष्कळसें लोपलें. दक्षिण पेरूंत सुमारें हजार वर्षांपूर्वींच्या अल्पाकांचीं सुकून टिकलेलीं शरीरें सांपडलीं आहेत. त्यांवरील लोंकर आजच्या लोंकरीहून अधिक तलम व एकसारखी असल्याचें तपासणीनें आढळून आलें. राखणारा मेला म्हणजे नुसता कळप उरून भागत नाहीं, याचें हें उदाहरण होय.

युरोपाच्या व्यापारांत अल्पाकाला नांव मिळालें तें एकोणिसाव्या शतकांत. इंग्लंडांतील टायटस सॉल्ट नांवाच्या कारखानदारानें १८३६ सालीं लिव्हरपूलच्या एका वखारींत पडून राहिलेले या लोंकरीचे गठ्ठे पाहिले. ती यंत्रावर कातण्यास अवघड म्हणून कोणी घेत नव्हतें. सॉल्टनें खटपट करून तिचें सूत काढलें, व सुती ताण्यांत अल्पाकाचा बाणा घालून हलकें, चकाकणारें कापड विणलें. त्या धंद्याच्या भरभराटींतून त्यानें एअर नदीकाठीं सॉल्टेअर नांवाचें गांव वसविलें. १८५३ सालीं तेथील गिरणी सुरू झाली. पुढें कामगारांसाठीं घरें, शाळा, दवाखाना व १८५९ सालीं प्रार्थनामंदिरही झालें. दारूचा गुत्ता मात्र त्यानें गांवांत येऊं दिला नाहीं. अशाच विलायती कापडाचे कोट आपल्या इकडे शिवले जात.

लोंकरीला किंमत आली, तेव्हां जनावरच आपल्या देशीं न्यावें असें पुष्कळांच्या मनांत येऊं लागलें. पेरू देशानें निर्यातीस बंदी घातली असतांही चार्लस लेजर या इंग्रजानें मोठ्या कष्टानें एक कळप अँडीज पर्वत ओलांडून नेला व १८५८ सालीं सुमारें अडीचशें जनावरें ऑस्ट्रेलियांत सिडनी येथें उतरविलीं. न्यू साउथ वेल्सच्या सरकारनें तीं विकत घेतलीं. परंतु सुरुवातीचा उत्साह लवकरच ओसरला, गिऱ्हाईक मिळेना, आणि थोड्याच वर्षांत तो कळप वांटला जाऊन विखुरला. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षें लोटल्यावर, १९८० नंतरच्या दशकांत, अल्पाका पुन्हां ऑस्ट्रेलियांत व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आले; आज ते इंग्लंड, न्यूझीलंड इत्यादि देशांतही सुखानें नांदत आहेत. या वेळीं यश आलें याचें एक कारण हें कीं, पाळणारांनीं व पशुवैद्यांनीं त्याच्या स्वभावाचा व रोगांचा चिकाटीनें अभ्यास केला. त्या अभ्यासांतून व पुनावरील लोकांच्या अनुभवांतून निघालेले मुख्य नियम आम्ही आतां सांगतों.

पहिला नियम सोबतीचा. अल्पाका एकटा ठेवूं नये. तो जन्मतः कळपाचा प्राणी आहे. एकटा पडला तर झुरतो, खाणें सोडतो व रोगी होतो. निदान दोघे, आणि शक्य तर तिघे किंवा अधिक एकत्र असावे. तो मऊ गुणगुणण्याचा आवाज काढून सोबत्यांशीं बोलतो, व कोल्हाकुत्रा दिसतांच कर्कश ओरडून सर्वांस सावध करितो. राग आला म्हणजे पोटांतील हिरवें, दुर्गंधी पाणी तो थुंकतो. परंतु बहुतेक वेळीं हें थुंकणें आपसांतल्या भांडणांत, खाण्यावरून, होतें. सर्व कळप एकाच ठरलेल्या जागीं शेण टाकतो, त्यामुळें कुरण स्वच्छ राहतें. पुनावर लांकूड मिळत नसल्यानें हेंच वाळलेलें शेण चुलींत जळतें व बटाट्याच्या शेतांत खत म्हणूनही पडतें.

दुसरा नियम आहाराचा. त्याचें पोट तीन कप्प्यांचें असून तो रवंथ करितो. राठ गवतावर जगण्यासाठीं घडलेल्या या प्राण्यास भारी खुराक मानवत नाहीं. त्याला दिवसाकाठीं वजनाच्या शेंकडा दीड ते दोन भाग इतका सुका चारा पुरतो; म्हणजे साठ किलोच्या जनावरास सुमारें एक किलो. धान्य फार घातल्यास तो लठ्ठ होतो व त्याचें पोट बिघडतें. स्वच्छ पाणी सदैव समोर असावें. कुंपणांत विषारी झाडें नसावींत. आपल्या अंगणांत शोभेसाठीं लाविलेल्या कण्हेरीचीं थोडीं पानेंसुद्धां त्याचा जीव घेऊं शकतात.

तिसरा नियम पिलाच्या जन्माचा. मादी सुमारें साडेअकरा महिने गाभण असते व एका वेळीं एकच पिलूं देते. जुळें फार क्वचित्. पिलाचें वजन सहा ते आठ किलो असतें. येथें निसर्गाची एक योजना पाहण्यासारखी आहे. गाय वासराला चाटून कोरडें करिते, तसें अल्पाकाच्या मादीला करितां येत नाहीं. ओलें पिलूं उन्हानें व वाऱ्यानेंच वाळतें. म्हणून बहुतेक मादी सकाळपासून दुपारपर्यंतच्या वेळांत विते, कीं रात्रीचा गारठा पडण्यापूर्वीं पिलूं कोरडें होऊन उभें रहावें. निरोगी पिलूं तासाभरांत उठतें व आंचळ शोधूं लागतें. पहिला चीक त्यास पहिल्या कांहीं तासांतच मिळाला पाहिजे. कारण आईच्या उदरांत असतांना रोगाशीं झुंजण्याचें बळ त्यास मिळालेलें नसतें, तें सर्व या चिकांतूनच येतें. राखणारानें नाळेस आयोडीन लावावें, पिलूं दूध पितें कीं नाहीं तें पहावें, आणि त्यापुढें मायलेकरांत फारशी ढवळाढवळ करूं नये. सुमारें सहा महिन्यांनीं पिलूं आईपासून तोडतात.

चौथा नियम कातरणीचा. लोंकर वर्षांतून एकदां कातरतात. पुनावर हें काम पावसाळ्याच्या तोंडाशीं, साधारणतः ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत चालतें; कारण दक्षिण गोलार्धांत त्या वेळीं थंडी सरलेली असते. ऐन थंडींत कातरल्यास जनावर गारठून मरावयाचें, आणि उष्ण देशांत मुळींच न कातरल्यास उन्हानें. एका जनावराची लोंकर सुमारें दोन ते चार किलो निघते. पाठ व कुशी यांवरील लोंकर सर्वांत उत्तम. मान व पाय यांची भरड असते, ती वेगळी ठेवावी. मेंढीच्या लोंकरीपेक्षां तींत तेलकटपणा फार कमी असतो, म्हणून ती धुण्यास सोपी जाते. पांढऱ्यापासून बदामी, तपकिरी, राखी व काळ्यापर्यंत तिच्या वीसहून अधिक नैसर्गिक छटा मोजतात. कातरणीच्याच वेळीं वाढलेलीं नखें कापावींत, व पुढचे दांत वाजवीपेक्षां लांबले असल्यास घांसून नीट करावे.

पांचवा नियम आरोग्याचा, व तो सर्वांत कठीण आहे. कारण अल्पाका आपलें दुखणें लपवितो. रानांत अशक्त दिसणाऱ्यावर शिकारी जनावर आधीं झडप घालतें. म्हणून शेवटपर्यंत धडधाकट दिसण्याची कला त्याच्या रक्तांत आहे. वरून जाड लोंकर असल्यानें आंतला हाडांचा सांपळाही डोळ्यांस दिसत नाहीं. यासाठीं जाणता राखणारा कातरणीची वाट न पाहतां वरचेवर प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवून कण्याजवळचें मांस चांचपतो. लोंकर फसविते, हात फसवीत नाहीं. पोटांतील जंत, खरूज व पिलांस होणारा आंतड्यांचा विषारी रोग हे त्याचे मोठे शत्रु आहेत. यांपैकीं शेवटचा रोग पेरूंत हजारों पिलें नेतो. कोरडी व स्वच्छ बसण्याची जागा हा त्यावर पहिला उपाय. इंग्लंडासारख्या ढगाळ देशांत ऊन कमी पडल्यामुळें हिवाळ्यांत पिलांचीं हाडें मऊ होतात. तेथें त्यांस ड जीवनसत्त्व द्यावें लागतें. जनावर डोंगरावरचें सूर्यप्रकाशांत वाढलेलें; देश बदलला म्हणजे सूर्यही औषधाच्या रूपानें द्यावा लागतो!

आतां एक गोष्ट आम्ही मुद्दाम पालकांसाठीं सांगतों. अल्पाकाचें पिलूं अत्यंत गोजिरवाणें असतें. एखादें नर पिलूं आईवेगळें झालें किंवा कौतुकानें वेगळें काढलें, कीं घरचीं माणसें त्यास बाटलीनें दूध पाजतात, कुरवाळतात, घरांत खेळवितात. तें माणसांमागें फिरूं लागतें, आणि सर्वांस मौज वाटते. परंतु असें पिलूं माणसालाच आपल्या जातीचें समजूं लागतें. दोनतीन वर्षांनीं तें वयांत आलें, म्हणजे नर जसा प्रतिस्पर्धी नरावर धांवून जातो, तसें तें आपल्या धन्यावरच धांवतें, छातीनें ढकलतें व चावतें. मग त्याला कळपांत घालावें तर कळपाची रीत त्यास ठाऊक नाहीं, आणि माणसांत ठेवावें तर धोका. कित्येकदां अशा जनावराला मारून टाकावें लागतें. दोष त्या मुक्या जिवाचा नव्हे. त्यास दूध हवें होतें, तें मिळालें. पण त्याबरोबर आपल्या जातीची संगत व थोडी शिस्त हवी होती, ती कोणी दिली नाहीं. म्हणून अनुभवी पाळणारे अनाथ पिलासही कळपांतच ठेवून दूध पाजतात व काम होतांच बाजूला होतात. मुलांच्या संगोपनांतही हा विचार करण्यासारखा आहे, असें आमच्या आजवरच्या शिकविण्याच्या अनुभवावरून आम्हांस वाटतें.

अल्पाकावर आज कोणाची उपजीविका चालते, हेंही लक्षांत घेतलें पाहिजे. त्याच्या लोंकरीचे अंगरखे मोठ्या शहरांत भारी किंमतीस विकले जातात; पण पेरूंतील पुनो, कुस्को वगैरे प्रांतांत कळप राखणारीं कुटुंबें बहुधा गरीबच आहेत. एवढ्या उंचीवर दुसरें पीक फारसें येत नाहीं. वस्त्र, मांस, खत, सरपण व रोख पैसा हें सर्व या एका जनावरावरच अवलंबून असतें. अशा घरीं एका रात्रींत पिलें मेलीं म्हणजे पुढील वर्षाचा आधारच गेला. २०१३ सालच्या ऑगस्टच्या अखेरीस दक्षिण पेरूंत फार मोठें हिम पडलें; कुरणें बर्फाखालीं गाडलीं गेलीं, हजारों अल्पाका दगावले, व सरकारास पुनो प्रांतांत आणीबाणी पुकारावी लागली. अशा वेळीं चार भिंती व पत्र्याचें छप्पर असा साधा निवारा व साठविलेला चारा असला तर पुष्कळ पिलें वांचतात. म्हणून असे निवारे बांधण्याचें काम तेथें चाललें आहे. दुसरें संकट हळूहळू येत आहे. पृथ्वीचें उष्णमान वाढत असल्यानें अँडीजवरील हिमनद्या आटत चालल्या आहेत, आणि ज्या बोफेदालांना त्यांचें पाणी मिळतें, तीं कुरणें सुकण्याचें भय आहे. संयुक्त राष्ट्रांनीं २०२४ हें वर्ष उंटाच्या कुळांतील प्राण्यांचें आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलें, तें अशा प्राण्यांकडे व त्यांवर जगणाऱ्या लोकांकडे जगाचें लक्ष वेधावें म्हणूनच.

हें वाचून एखाद्या विद्यार्थ्याच्या मनांत येईल कीं, आपणही अल्पाका पाळावा. देशावरच्या किंवा कोंकणांतल्या उन्हाळ्यांत त्या जिवाचे हाल होतील. सबब ती इच्छा मनांतच ठेवलेली बरी. पण त्यासाठीं हळहळण्याचें कारण नाहीं. आपल्याच माळांवर धनगर आपलीं दख्खनी मेंढरें घेऊन फिरत असतो. पाऊसपाणी व चारा पाहून तो मुक्काम हलवितो. रात्रीं शेतांत मेंढरें बसवून शेतकऱ्याच्या जमिनीस खत देतो. आणि त्याच्या मेंढरांच्या लोंकरीची घोंगडी कित्येक पिढ्यांनीं थंडीपावसांत पांघरली आहे. पुनावरचा राखणारा व आपला धनगर यांची भाषा निराळी, जनावर निराळें. विद्या मात्र एकच. कोणतें मेंढरूं लंगडतें, कोणतें आज मागें राहिलें, हें दोघांसही न मोजतां कळतें. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना ओळखतो, हें वचन आपण प्रार्थनेच्या वेळीं नेहमीं ऐकतों. पुढच्या खेपेस रस्त्यावर कळप आडवा आला, तर आमच्या विद्यार्थ्यांनीं उतावीळ न होतां क्षणभर थांबावें, आणि त्या ओळखण्यामागें किती दिवसांचें पाहणें व किती रात्रींचें जागरण असतें, याचा विचार करावा.